न फवारलेला वाफा

नूर मोहम्मद ओसरीवर आला तो टोपी हातात घेऊनच. चांद्यात त्याचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं. आज मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"इंदिराबाई, माह्या औषधात खडू मिसळला म्हणून राह्यले साहेब! उद्या साऱ्या शेतकऱ्यांसमोर सांगणार. मंग माह्या दुकानात कोन येईन?"

शाळेतून निवृत्त झालेल्या इंदिराबाईंना लोकांच्या भानगडीत नाक खुपसायचा भारी शौक, आणि त्यात लोकांचं भलंच व्हायचं. नूरभाईला सोबत घेत त्यांनी चपला चढवल्या. त्यांचे यजमान, माजी जमादार दादाजी, भरल्या ताटावरून नाइलाजानं उठले.

मोहर्लीच्या वाटेवरच्या सरकारी शेतात अमेरिकन बियाण्याच्या गोड मक्याचे दोन वाफे होते. एकावर नूरभाईचं औषध फवारलेलं, दुसरा तुलनेसाठी तसाच सोडलेला. हा प्रयोग पाहणारे शेतकी खात्याचे कोल्हटकर साहेब लालबुंद झाले होते.

"फवारलेल्या कणसांत अजून थोड्या अळ्या आहेत. न फवारलेल्यात एकही नाही! याला औषध म्हणायचं?"

"वाफ्यांच्या खुणेच्या खुंट्या कुणीतरी बदलल्या!" दादाजींनी जमादारी थाटात निकाल दिला.

राखणदार मनसाराम भडकला. "खुंट्या मीच ठोकल्या, फवारलंबी मीच. पानावर औषधाचे पांढरे डाग हायेत, पाहा न भाऊ."

डाग होते. त्या वाफ्यात झाडांखाली मेलेल्या अळ्यांचा सडा पडला होता. दुसऱ्या वाफ्यात जमीन स्वच्छ होती. तिथल्या कणसांचे शेंडे मात्र कुरतडलेले, अळ्यांची घाण अजून ओली, आणि वरची पानं उघडून पुन्हा नीट मिटवलेली.

"जेवून जा बाई," शेतातल्याच झोपडीच्या दारातून मनसारामची बायको कुंता म्हणाली. "मरळ मासोळीचा रस्सा हाये."

"आठवडाभर इथंच रोज मरळ खातोय," साहेब जरा निवळले. "काय चव आहे!"

दादाजींची कळी खुलली. इंदिराबाईंची नजर चुलीमागच्या डब्यावर गेली. त्याच्या झाकणाला बारीक छिद्रं होती, कडेला कणसाचा तांबूस केस अडकला होता.

"कुंता, तलाव कुठी हाये?"

"घरामागंच."

पानं वाढली गेली तेव्हा इंदिराबाई बोलल्या. "खुंट्या जागच्या जागी आहेत, डाग सांगतात. औषध खरं आहे, मेलेल्या अळ्या सांगतात. दुसऱ्या वाफ्यातही अळ्या होत्या, घाण ओली आहे. पण तिथं ना मेलेली सापडली, ना जिवंत. म्हणजे कुणीतरी त्या वेचून नेल्या. पाखरू कणीस उघडून परत मिटवत नाही, हे माणसाचं काम. आणि त्या जिवंत राहायला हव्यात म्हणून चुलीमागच्या डब्याच्या झाकणाला छिद्रं. जिवंत अळी कुणाला लागते? गळ टाकणाऱ्याला."

कुंतानं जीभ चावली. "मरळीले वळवळणारा चारा लागते, बाई. औषधाची अळी सुस्त पडते. मी म्हटलं, ह्या वाफ्याले कोनी विचारतच नाई, तं घेतल्या. साहेबाले मरळ लय आवडते न!"

साहेबांचा घास हातातच राहिला. त्यांनी ताटाकडं पाहिलं, कुंताकडं पाहिलं, आणि पोट धरधरून हसत सुटले.

"म्हणजे माझा प्रयोग आठवडाभर मीच खात होतो! नूरभाई, माफ करा. उद्या सगळ्यांसमोर हेच सांगतो."

नूर मोहम्मदनं टोपी डोक्यावर चढवली आणि ताट पुढं केलं. "कुंताबाई, आता वाढा. सकाळपासून पोटात काई नाई."