पाच वॅटचा दिवा

"वीज संपत आली, तर तू आधी कोणाला बंद करशील, दाजी?"

विचारलं भैरवी झोरेनं, पण प्रश्न तिचा नव्हताच. मैत्रिणींनी पैज लावली होती. दाजी म्हणजे वाडीच्या वीजघराचा कारभार बघणारा यंत्रमानव, आणि त्याला हे विचारायची कोणाची छाती होईना. भैरवीनं नुकतंच शाळेत भाषण ठोकलं होतं. तेव्हापासून ती कोणालाच भीत नव्हती. पण पैज लावणारी संज्योत हसली नाही. तिची नुकती जन्मलेली बहीण आरोग्यघरातल्या उबपेटीत होती (वेळेआधी जन्मलेल्या बाळाला ऊब देणारी काचेची पेटी). बाहेरून येणारी वीजवाहिनी महापुरांनी कधीच नेली होती. आता वादळानं बाळाला बाहेर नेणारी जलाशयावरची लाँचही बंद होती आणि सौर पॅनेलांवर नुसता काळोख.

दाजीनं मान वळवली. "घरं, पंप, गिरणी सकाळीच बंद केली. उबपेटी आणि दिवे तेवढे उरलेत. दोन्ही चालू ठेवले तर बॅटरी उद्या दुपारी संपेल. ऊन परवा सकाळी."

"मग दिवे बंद कर की."

"ती कळ घरच्यांनीच दाबायची. वाडीचा ठराव आहे."

तो कुठल्या दिव्यांबद्दल बोलत होता, ते भैरवीला आत्ता कळलं. दरड कोसळली तेव्हा वाडीतली वीस माणसं गेली होती. प्रत्येकाच्या नावाचा एक दिवा दरडीच्या कडेला रात्रंदिवस पेटता असे. त्यातला एक तिच्या दादाचा, सुहासचा.

मग ती हुज्जत घालू लागली. पाच वॅटचा एवढासा दिवा, तो काय खाणार? खादाड ती उबपेटी, शंभर वॅटची! दाजीनं तिच्या हातात खडू दिला. वॅट म्हणजे खाण्याचा वेग, तो म्हणाला. पोटात किती गेलं ते कळायला वेगाला तासांनी गुणायचं, म्हणजे वॅट-तास मिळतात (एकूण खर्च झालेली वीज). उबपेटीचे दिवसाला चोवीसशे आले. मग वीस दिवे, पाच-पाच वॅट, चोवीस तास. तिनं पुसून पुन्हा केलं. चोवीसशेच.

मग दाजीनं सगळी मांडणी समजावली. आधी रोजची गरज मोजायची. इथं वादळात तीन-तीन दिवस ऊन दिसत नाही, म्हणून तिला तीननं गुणायचं. बॅटरी तळापर्यंत रिकामी केली की लवकर मरते, म्हणून ती थोडी मोठीच घ्यायची. आणि पॅनेल इतकी, की ऊन आल्यावर ती पुन्हा भरावी. सगळं नीट झालं होतं. फक्त माप घ्यायला आलेल्या लोकांना वाडीनं उबपेटी सांगितली, पंप सांगितला, गिरणी सांगितली. दिवे सांगितले नाहीत. गेलेल्यांच्या दिव्याचा हिशेब कोण करतं? दाजीनं ग्रामसभेत विषय काढला, तर लोक उठून गेले होते. उबपेटीला तीन दिवस पुरणारी बॅटरी अशी दीड दिवसाची झाली होती.

"एक दिवा बंद केला तर सगळे जातील?" तिनं हळूच विचारलं.

नाही, तो म्हणाला. जोडणी समांतर होती (प्रत्येक दिव्याला वीज यायला स्वतःची वाट). एक विझला तरी बाकीचे जळत राहतात, आणि वाचतात पाचच वॅट. बाळाला परवापर्यंत पोचवायला वीसच्या वीस दिवे विझायला हवेत.

घरी आई चुलीपाशी होती, बाबा दारात रेनकोट निथळवत उभे होते. भैरवीनं हिशेब सांगितला. बाळाचं अजून नाव ठेवलेलं नाही, तेही सांगितलं. बाबा म्हणाले, आपल्या एका दिव्यानं काय होणार?

"पाच वॅट."

आईनं जळतं लाकूड मागे ओढलं. "अंधारात ठेवायचं त्याला?"

भैरवी दाराकडे निघाली. "ऊन येईपर्यंत. दादाची कळ मी आत्ता दाबणार आहे. मग बाकीच्यांच्या दारात जाऊन हाच हिशेब मांडणार. तुम्ही बरोबर आलात तर लोक लवकर ऐकतील. नाही आलात तरी मी जाणारच. आणि ऊन आलं की दिव्यांना वेगळं पॅनेल, वेगळी बॅटरी. त्याचं माप मी घेणार."