भरमूचं चित्र

दसरा होऊन गेला होता, भातं पिवळी पडायला लागली होती, आणि मला जांबोटीला आठवडाभर राहून चित्रं काढायची होती. काम एवढंच होतं. माझ्या वर्गातल्या स्वरूपची आत्या, मालुबाई, गावाच्या टोकाला रानाला लागून एकटी राहायची. "आत्याला पण सोबत होईल," असं म्हणत स्वरूपनं मला तिच्या दारात सोडलं आणि आलेल्याच बसनं तो हिंडलग्याला आपल्या घरी परत गेला.

मी निपाणीची. आमचं तिथं बियाण्यांचं दुकान आहे. लहानपणापासून मला चित्रं येतात असं सगळे म्हणायचे. म्हणजे मोर यायचा, कमळ यायचं, लांब पापण्यांच्या बायका यायच्या. बेळगावात आर्टला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माधवी मॅडमनी आम्हाला स्वतःचा डावा हात काढायला लावला. मी मूठ काढली. मॅडमनी माझी मूठ धरून माझ्याच डोळ्यांसमोर आणली.

"करंगळी दिसते का तुला इथनं?"

"नाही."

"मग काढलीस कशाला?"

"आहे म्हणून."

"आहे ते काढू नकोस, सोनल. दिसतं ते काढ."

हे एक वाक्य अंगात मुरायला मला दोन वर्षं लागली. मोडकी खुर्ची, तिच्या पायांमधली रिकामी जागा, बसमध्ये पेंगणाऱ्या माणसाची मान, तांब्यावर पडलेला खिडकीचा उजेड. बघायचं, नुसतं बघत राहायचं, आणि मग एक रेघ. हळूहळू डोळे तयार झाले. पण शेवटच्या वर्षी मॅडम म्हणाल्या, "हात बसलाय तुझा. पण तुला सांगायचंय काय, ते अजून सापडलेलं नाही. एकच विषय धर आणि तो उघडेपर्यंत सोडू नकोस." मी धरलेला प्रत्येक विषय त्यांनी परत केला. म्हणून मी जांबोटीला गेले होते. विषय शोधायला.

मालुबाईचं घर कौलारू, बुटकं. पुढं अंगण, मागं पडवी, पडवीला लागून दोन म्हशींचा गोठा. बाई उंच, हाडापेराची, कमी बोलणारी. आम्ही जैन, सूर्य बुडायच्या आत जेवणारे. हे कळल्यावर तिनं एका शब्दानं विचारलं नाही, रोज ऊन असतानाच माझ्यापुढं भाकरी ठेवायची. मग दिवेलागणीला दुसरं ताट वाढायची. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, ते तिचं स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं, आतल्या खोलीत एक मोठी तसबीर भिंतीकडं तोंड करून टांगलेली होती. मी बघतेय हे तिनं बघितलं आणि ती तसबीर सुलटी केली. कोट-टाय घातलेला एक गोरापान तरुण. डोक्याला आणि कोटाला एकमेकांची ओळख नव्हती.

"ह्यो माझा भरमू म्हनं," मालुबाई म्हणाली. "आधार कार्डावरचा फोटू स्टुडिओवाल्याला दिलता. त्येनं कोट घातला, गोरं केलं. माझ्या पोरानं जलमात कोट घातला न्हाय गं."

भरमू तिचा एकुलता एक. गेल्या वर्षी पावसात ओढ्यापलीकडं अडकलेली म्हैस आणायला गेला. म्हैस आली. तो दोन दिवसांनी खाली दगडांत सापडला.

"लोकांनी चादरीतनंच आनला. तोंड बगू दिलं न्हाय मला. बगू नगो म्हनाले." तिनं तसबीर पुन्हा उलटी लावली. "तू काढशील का गं त्येचं चित्र? खरं तोंड?"

मी शिकलेले तेच बोलले. "मावशी, मी बघितलेलंच काढू शकते. न बघता काढलं तर ते पण ह्या कोटासारखंच होईल."

"मग बग की," ती अगदी सहज म्हणाली. "सांजचं येतोय त्यो. म्हसरं आली की मागच्या पडवीत खांबाला टेकून बसतोय. मी ताट ठेवते. खात न्हाय, पर बसतोय."

तेव्हा मला भीती नाही वाटली. वाईट वाटलं. एकट्या बाईचं मन, असंच मी धरलं. तिचं मन राखावं म्हणून त्या संध्याकाळी मी पॅड आणि चारकोल घेऊन पडवीत बसले. समोर खांब, खांबामागं रचलेली लाकडं, भिंत. पलीकडं चुलीपाशी मालुबाई. मी खांब काढला.

तिनं येऊन बघितलं. "खांब बरा आलाय," म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी मला लागलं. दुसऱ्या संध्याकाळी मी वेगळं करायचं ठरवलं. वस्तू काढायची नाही, तिच्या भोवतालची जागा काढायची. मॅडमनीच शिकवलेली रीत. मी डावीकडनं लाकडं काढत आले. एकेक ओंडका, त्याचं कापलेलं तोंड, दोन ओंडक्यांमधला काळोख. डोळा पुढं, हात मागं. काय काढतेय याचा विचार करायचा नाही, नुसतं दिसेल तसं उतरवायचं.

उजेड सरल्यावर मी कागद लांब धरला.

लाकडांच्या रेघा खांबाच्या अलीकडंच थांबल्या होत्या. सगळ्या. एका सरळ ओळीत नव्हे, तर उतरत्या, गोलसर… जणू पुढं कुणाचा तरी खांदा आला होता. भिंतीचा पोपडाही तिथंच थांबला होता. मधे कोरा कागद. मी मान वर केली. समोर लाकडं खांबापर्यंत गेलेली स्पष्ट दिसत होती. मग मी ती का काढली नाहीत?

तेवढ्यात गोठ्यातला रवंथाचा आवाज बंद पडला. दोन्ही म्हशी एकदम. आणि वास आला. भिजलेल्या घोंगड्याचा, ओढ्याच्या गाळाचा. पाऊस तर कधीच संपला होता.

मी पळून जायला हवं होतं. पहिली बस पकडायला हवी होती. पण खरं सांगते, त्या भीतीच्या खाली मला आनंद झाला होता. इतकी वर्षं ज्याच्यासाठी डोळे झिजवले, ते आज पहिल्यांदा घडलं होतं. माझ्या मनाला ठाऊक नव्हतं ते माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि विषय सापडला होता.

त्यानंतर मी दिवसभर दुसरं काही काढलंच नाही. संध्याकाळची वाट बघायची. रोज नवा कागद नाही, तोच कागद. त्या कोऱ्या जागेत आधी गुडघे आले. मग गुडघ्यांवरचे हात, जाड बोटांचे, नखात चिखल. मग कान. वरची कड जराशी दुमडलेली.

"कुठवर आलं?" मालुबाई चुलीपाशीच बसून विचारायची.

"कानापर्यंत."

"दुमडलाय न्हवं? बाळपनी कानाखाली उशी न्हवती त्येच्या. दगडासारख्या वाकळंवर निजायचा." ती हसायची. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पण मग एका संध्याकाळी तिनं ताट ठेवलं आणि ती खांबाकडं डोळे बारीक करून बघत राहिली.

"आज जरा पुसट दिसतोय गं…"

"उजेड कमी आहे, मावशी."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "रोज मान हलवायचा. आज हलवली न्हाय." आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, अगदी हळू, "सोनल… आता ऱ्हाऊ दे. एवढंच बास. उरल्यालं उरू दे."

चेहरा तेवढा राहिला होता. चेहऱ्यासाठीच तर तिनं सांगितलं होतं. मी तिला तेच म्हणाले. उद्या मला जायचंय, आजचीच संध्याकाळ आहे, असंही म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं. तिला मला नाही म्हणायचं होतं, आणि तिला ते तोंडही बघायचं होतं. ती चुलीकडं गेली.

मी बसले. रवंथ थांबला. वास आला. तो खाली मान घालून बसला होता, पायांकडं बघत. आता मला तो डोळ्यांनी दिसत होता, कागदाशिवाय. कपाळ काढलं, नाक काढलं. बावीस-तेवीस वर्षांचा साधा पोरगा, दमून आलेला, झोपाळलेला. भयंकर असं काहीच नव्हतं त्याच्यात. पापण्यांवर पाण्याचे थेंब होते.

डोळे तेवढे राहिले, आणि त्यानं मान वर केली. तो माझ्याकडं बघत होता.

"आई…" आवाज लांबून, पाण्याखालनं आल्यासारखा. "आई कुठं हाय…?"

ती त्याच्यापासून चार हातांवर बसली होती. चुलीचा जाळ तिच्या तोंडावर पडला होता. तो तिच्याकडं वळून बघत होता, आणि त्याला ती दिसत नव्हती. त्याला फक्त मी दिसत होते.

मी नुसतं बोट जरी केलं असतं. 'ती काय, तिथं,' एवढं जरी म्हणाले असते. पण ते डोळे निसटतील म्हणून मी मान खाली घातली आणि शेवटच्या दोन रेघा ओढल्या.

वर बघितलं तेव्हा खांब होता. लाकडं होती. म्हशी पुन्हा रवंथ करत होत्या.

मालुबाई ताट घेऊन आली. बराच वेळ खांबापाशी उभी राहिली. मग मी चित्र पुढं केलं. तिनं पदरानं हात पुसले, कागद चुलीच्या उजेडात धरला आणि मटकन खाली बसली. "ह्योच… ह्योच माझा सोन्या," म्हणत ती रडली, आणि मला वाटलं, माझ्या शिक्षणाचं चीज झालं. चित्र मी तिच्यापाशीच ठेवलं. कोटातली तसबीर उतरवून त्या खिळ्याला ते टांगलं. फोनवर त्याचा फोटो काढून घेतला आणि सकाळच्या बसनं निघाले.

मॅडमनी तो फोटो खूप वेळ बघितला. "आता तू बघायला शिकलीस," एवढंच म्हणाल्या. जे ऐकायला मी तीन वर्षं थांबले होते, ते ऐकताना मला त्या पोराचा आवाज ऐकू येत होता.

महिन्याभरानं स्वरूप माझ्याजवळ येऊन बसला. "आत्या नीट जेवत न्हाय. रोज सांजचं ताट वाढती आणि पडवीत बसून ऱ्हाती. सारखं म्हणती, त्या पोरीला बोलीव."

मी गेले. मालुबाई अर्धी झाली होती. चित्र खिळ्यावर नव्हतं. तिनं ते गुंडाळून हातातच धरलं होतं.

"कागदावर हाय त्यो. नुसता बगतोय," ती म्हणाली. "मला बगाय न्हवं, बसाय पायजे हुता गं माझ्याजवळ. पूस ह्ये."

"मावशी…"

"तू काढलायस. तूच पूस. म्हंजे येईल परत."

पडवीत बसून, दिवेलागणीला, मी ते पुसायला घेतलं. आधी डोळे. मग नाक, कपाळ, गाल. चारकोल कधी पुरा जात नाही, करडा डाग राहतोच. चेहऱ्याच्या जागी एक धुरकट गोळा उरला. मी हातांकडं वळणार तेवढ्यात कागद फाटला. मालुबाईनं माझा हात धरला. आम्ही दोघी काळोख पडेपर्यंत खांबाकडं बघत बसलो. म्हशी शांतपणे रवंथ करत होत्या. वास आला नाही. कुणीच आलं नाही.

मग स्वरूपच्या वडिलांनी म्हशी विकल्या, घराला कुलूप लावलं आणि बहिणीला हिंडलग्याला आणलं. तिथं ती सुधारली म्हणतात. वेळेवर जेवते, शेजारणींबरोबर देवळात जाते. भरमूचं नाव काढत नाही. स्वरूपची आई तर म्हणाली, कधीकधी वाटतं, तिला पोर होतं हेच ती विसरली.

मागच्या रविवारी मी तिला भेटायला गेले. दुपारची वेळ, रस्त्यावर पोरांचा क्रिकेटचा दंगा, लख्ख ऊन. ती पुढच्या सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून हसली, बस म्हणाली. मी तिच्याजवळ टेकले. माफी मागायची म्हणून आले होते. तांदळातनं तिची बोटं फिरत होती, आणि मग थांबली. ती माझ्या खांद्यावरनं दाराकडं बघत होती.

"त्यो कोन गं तुझ्यासंगं आलाय?"

मी वळले. दार उघडं होतं. दारात फक्त ऊन होतं.

"कोणी नाही, मावशी. मी एकटीच आले."

"हुबा हाय की. लाजतोय वाटतं." तिनं डोळ्यांवर हात धरला. "तोंड का झाकलंय त्येनं?"

तिच्या आवाजात ओळखीचा मागमूस नव्हता. शेजारच्या कुणाच्या पोराशी बोलावं तशी, मायेनं, ती दाराकडं बघून म्हणाली, "ये बाबा, आत ये. उन्हात कशाला? कुनाचा रं तू?"

बाहेरचा दंगा क्षणभर थांबल्यासारखा वाटला. मालुबाईनं मान जराशी कलती करून ऐकलं. मग सूप बाजूला सारून ती माझ्याकडं वळली आणि हसली.

"तुझाच, म्हनतोय की गं."