रिकाम्या गोठ्यातले गोचीड

भारती लेकीची वेणी घालत होती. दिशाच्या कानामागे तिला गोचीड दिसला आणि तिचा हात थांबला. सासू मालनबाई लगबगीने काडेपेटी घेऊन आली.

"चटका दे त्याला. आपोआप सुटंल."

"न्हाई आत्याबाई. डिवचला की त्यो पोटातली घाण जखमंत सोडतो."

भारतीने चिमट्याने गोचीड अगदी कातडीलगत धरला, न पिळता सरळ ओढून काढला, जागा साबणाने धुतली. मागे अशाच एका चाव्याने पोरगी तापाने फणफणली होती, मरता मरता वाचली होती. पुन्हा चावू देऊ नका, असं नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. भारती एकदा हट्टाला पेटली की पारनेरची अख्खी बाजारपेठ आडवी आली तरी मागे सरणारी नव्हती. तिने गोठ्याशी उभा दावा मांडला.

गोठा तर रिकामाच होता. दिशाचं डोकं चाटणारी गाय विकून वर्ष उलटलं होतं. तिने कचरा जाळला, भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या, चुना मारला, औषध फवारलं. तरी दुसऱ्या दिवशी खुंट्यापाशी गोचीड सापडले. उपाशी गोचीड तिळाएवढा चपटा असतो आणि महिनोन्‌महिने तग धरतो, हे तिला ठाऊक होतं. पण हे एरंडीच्या बीसारखे टरटरून फुगले होते. एक चपलेखाली चिरडला. रक्त ताजं होतं.

"कुत्रं बसत असंल," मालनबाई म्हणाली. पण ती आत पाऊल टाकेना.

भारतीने दाराला जाळी बसवली. दुपारी तिने लांब बाह्यांचा कुडता घातला, सलवार पायमोज्यांत खोचली आणि आत जाऊन बसली.

"बघतेच आता कोन येतंय."

ऊन खुंट्यापर्यंत आलं. माशा तिथे घोंगावत यायच्या आणि कुणी हाकलल्यासारख्या उडायच्या. शेणाचा ताजा वास सुटला.

टप्.

एक गोचीड खाली पडला. वर नुसता पत्रा होता.

मग तिला दिसलं. कमरेएवढ्या उंचीवर, हवेत, गोचीड लटकले होते. श्वास चालावा तसे सगळे मिळून संथ वर-खाली होत होते.

भारतीला पळावंसं वाटलं. दिशाचा तापलेला चेहरा आठवला आणि तिने चिमटा उचलला.

कातडीलगत धरायचा. सरळ ओढायचा. बोटांना ऊब लागली, राठ केस लागले. एकेक गोचीड ती साबणाच्या पाण्यात टाकत गेली.

"हो, हो," गाय थोपवायच्या जुन्या सवयीने ती पुटपुटली.

शेवटचा निघाला. ऊब बाजूला सरकली.

दारावरची जाळी बाहेरच्या बाजूला फुगली आणि फाटली.

अंगणात दिशा खिदळली.

भारती धावली. तिने आधी लेकीचे कान पाहिले, मान पाहिली, काखा पाहिल्या. एकही गोचीड नव्हता.

"आई, गुदगुल्या व्हत्यात," दिशा म्हणाली.

कानशिलापासून भांगापर्यंत तिचे केस सावकाश ओले होत होते, आणि पट्ट्यापट्ट्याने उभे राहत होते.