चार सडांच्या चार वाट्या

चंद्री म्हशीचा मागचा उजवा सड कायमचा गेल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी सत्यशीला झरीच्या जनावरांच्या दवाखान्यात आली. एरवी तिचे वडील आश्रुबा यायचे. त्या दिवशी ते तापानं पडले होते, म्हणून ती आली. नाहीतर भेटच झाली नसती.

"डाक्टर कुठायत?"

"मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक. रंगनाथ."

"नाव न्हाई इचारलं. म्हशीला दगडी झाली, कास दगडावानी सुजली, तुमी पेनिसिलीन दिलं, अन् सड वाळून गेला. तुमचं औषध म्हंजे पाणी हाय, पाणी!"

रंगनाथ झरीला येऊन चारच महिने झाले होते. गावात आजवर त्याला असं कोणी बोललं नव्हतं. त्याला राग यायला हवा होता... पण तिच्या कपाळावरचा घाम आणि हातात तशीच राहिलेली चंद्रीची दोरी पाहून तो उठला आणि सायकल काढली.

चंद्री तिनं रेडकू असल्यापासून वाढवलेली. आता डाव्या बाजूचे दोन्ही सडही सुजले होते.

"आनखी एक गेला, तर बाबा बाजारात उभी करणार तिला," ती म्हणाली. यावेळी आवाज चढला नव्हता.

रंगनाथनं हाती होतं तेच पेनिसिलीन दोन्ही सडांत एकसारखं घातलं. "या सडांचं दूध तीन दिवस टाकून द्यायचं."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्याच्या पायरीवर दोन वाट्या घेऊन बसली होती.

"दूध टाकून द्या म्हटलं होतं ना?"

"मातीत वतायचं माज्यानं झालं न्हाई. दोन सडांचं येगयेगळं इरजलं. ही पुढच्या सडाची वाटी, ही मागच्याची. इरजण एकाच गाडग्यातलं, चमचा एकच. बगा."

पुढच्या सडाचं दूध जसंच्या तसं पातळ होतं. मागच्याचं दही सुरीनं कापावं असं लागलं होतं.

"वाट्यांची अदलाबदल झाली असेल."

"चुन्याचे ठिपके दिलेत. एक पुढची, दोन मागची. तुमास्नी मोजता येतंय ना?"

तो हसला, आणि मग वाट्यांवर वाकला. पेनिसिलीन असलेलं दूध विरजत नाही, हे त्याला शिकवलं होतं. औषध दह्याच्या जंतूंनाही मारतं. मग मागच्या सडात घातलेलं औषध गेलं कुठं?

"उद्या पुन्हा लावता?"

"रोज लावते. पर बगायला तुमी घरी यायचं. मी काय रोज पायऱ्या झिजवू?"

तो रोज गेला. तीन दिवस तेच झालं. चौथ्या दिवशी त्यानं मागच्या सडाचं दूध उकळलेल्या बाटलीत घेतलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एस.टी. उभ्या होत्या. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून तो सायकलनं परभणीला गेला. प्रयोगशाळेतल्या पद्मजाबाईंनी दोन दिवसांनी काचेची ताटली दाखवली. औषध चाललं असतं तर पेनिसिलिनच्या कागदी टिकलीभोवती मोकळी जागा राहिली असती; इथं टिकलीला चिकटून जंतू वाढले होते.

परत आला तो सरळ आश्रुबांच्या गोठ्यात.

"पेनिसिलिनच्या रेणूत एक बारीक कडं असतं," तो धापा टाकत म्हणाला. "सगळी ताकद त्या कड्यात. हा जंतू एक एन्झाइम तयार करतो, बाहेर सोडतो... आणि ते कडं फोडतो. कडं फुटलं की औषध म्हणजे नुसतं—"

"पाणी," सत्यशीला म्हणाली. "मी काय म्हनलं होतं?"

"तुम्ही म्हणाला होतात."

"मग आता?"

"त्याच घराण्यातलं दुसरं औषध आहे, क्लोक्सासिलिन. त्याच्या कड्याला अशी आडकाठी जोडली आहे, की त्या एन्झाइमला ते सहज फोडता येत नाही." त्यानं पिशवीतून नळ्या काढल्या. "पूर्ण द्यायचं. दूध चांगलं दिसलं तरी मधेच थांबायचं नाही."

"कवा येनार रोज?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"औषधासाठी इचारलं मी," ती म्हणाली, आणि पदर सारखा करत चंद्रीच्या पलीकडं गेली.

सूज उतरली. औषध संपून काही दिवस उलटले, तेव्हा तिनं चार वाट्या मांडल्या. तिन्ही सडांचं दही घट्ट लागलं होतं. चौथी वाटी रिकामी होती, गेलेल्या सडाची.

"आता दही लागलं, हे चांगलं की वाईट?" तिनं विचारलं.

"आता चांगलं. आता आत औषधही नाही आणि तो जंतूही नाही."

"तुमच्या घरी इरजण कोन लावतंय?"

"कोणी नाही. एकटाच आहे."

"मग बगा की एखादं मानूस."

"बघितलंय." त्यानं रिकामी वाटी उचलली. "चुन्याचे ठिपके देतं ते."

ती लाजली नाही. "बाबांला इचारा," म्हणाली. "अन् लवकर इचारा."

त्यानं त्याच संध्याकाळी विचारलं. त्यांचा संसार अकरा वर्षं झाला. घरात दही नाही असा दिवस गेला नाही.

सत्यशीला गेल्या पौषात गेली.

पद्मजाबाईंनी ताटली दाखवली तेव्हाच सांगितलं होतं, या वाट्यांची हकीकत तिच्या नावानं लिहून पाठवा, आमच्या पत्रिकेत छापू. लिहितो, असं रंगनाथ म्हणाला होता. ते अजून लिहायचं राहिलं आहे.