योआखिमची एकुलती एक कॅसेट

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्येची रात्र लागते. ही मात्र दुपारी घडली. दर वेळी दुपारी चार वाजता.

शेवटी मी स्वतः त्या खोलीत होतो, त्यामुळे खोटारडा म्हणायचंच असेल तर मला म्हणा.

माझी बायको पोलंडची, गेरार्ड तिचा मामा. झाब्झे या कोळशाच्या खाणींच्या गावात राहायचा. १९८७ साली तो बावीस वर्षांचा होता आणि हेवी मेटलचं एक मासिक काढायचा. घरीच टाईप करून, पिना मारून. सगळ्या पोलंडमधून नवे बँड त्याला आपल्या कॅसेट पाठवायचे. गेरार्डने चार ओळी लिहिल्या की त्या बँडला नाव मिळायचं. नाही लिहिल्या तर पोरं गिटार विकून खाणीत जायची. अमुक बँड मी सगळ्यात आधी शोधला, याचा त्याला भारी माज होता.

मार्चमध्ये खालच्या मजल्यावरच्या योआखिमने एक कॅसेट आणून दिली. तो एकोणीस वर्षांचा, आधीपासूनच खाणीत कामाला. बँडचं नाव हाऊदा. खाणीबाहेर टाकाऊ दगडांचा जो काळा डोंगर साठतो, त्याला तिकडे हाऊदा म्हणतात.

"एकच आहे, दादा," तो म्हणाला. "कॉपी काढायला दुसरा रेकॉर्डर नाही आमच्याकडे. ऐकून परत दे."

कॅसेटच्या पाठीवरचे दोन बारके दात त्याने तोडले होते. ते तोडले की तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.

गेरार्डने जेमतेम मिनिटभर ऐकलं. आधी साधा, हसरा आवाज आला... "आई, आता कान झाकून घे." मग गिटार सुरू झाली आणि गेरार्डने बटण दाबलं. खालच्या मजल्यावरचा बँड शोधला म्हणून कोण पाठ थोपटणार?

त्याच संध्याकाळी ग्दान्स्क शहरातल्या एका जबरदस्त बँडची कॅसेट त्याच्या हाती आली, ती सुद्धा फक्त सकाळपर्यंत. दुकानांत कोरी कॅसेट मिळत नव्हती.

गेरार्डने त्या तुटक्या दातांच्या जागी चिकटपट्टी लावली... आणि ग्दान्स्कचा बँड योआखिमच्या कॅसेटवर उतरवून घेतला.

चुकून नाही. चिकटपट्टी कोणी चुकून लावत नाही.

एप्रिलमध्ये खाणीत छत कोसळलं. तिघांना बाहेर काढलं. योआखिमला नाही. तो भाग तसाच भिंत बांधून बंद केला. शवपेटीत आईने त्याचा रविवारी चर्चला जायचा कोट ठेवला आणि ती पुरली.

आठवड्याने ती गेरार्डच्या दारात उभी राहिली. हिल्डाकाकू. घरात मुलाचा आवाज कुठेच उरला नव्हता, आणि कॅसेट गेरार्डकडे आहे हे तिला माहीत होतं.

तेव्हाच त्याने खरं सांगायला हवं होतं. त्याने काय केलं? तीच कॅसेट तिच्या हातात ठेवली. असल्या गुरगुरण्यात कोण कोणाला ओळखतंय, असा त्याचा हिशेब.

तिने तिथेच ऐकली. शेवटपर्यंत.

"हाच का रे माझा?"

"हाच, काकू."

"इतकं काय दुखत होतं त्याला?"

गेरार्ड म्हणाला, गाण्याची पद्धतच तशी असते. पुढे सहा महिने खालून रोज तो आवाज येत राहिला आणि गेरार्ड खिडकी लावून घेत राहिला.

एक नोव्हेंबर आला. त्या दिवशी झाडून सगळे कबरींवर मेणबत्त्या लावायला जातात. हिल्डाकाकू टेपरेकॉर्डर घेऊन आली. दुपारचे चार वाजले होते. तिने तो त्या कोटाच्या कबरीवर ठेवला आणि सुरू केला. भरल्या कब्रस्तानात ती गुरगुर घुमली. माणसं वळून बघू लागली.

एक पोरगा मात्र खो खो हसला. "अहो काकू, हा तर ग्दान्स्कचा बँड! तुमचा योआखिम कुठला?"

काकूने टेप बंद केला. गर्दीत मेणबत्ती घेऊन गेरार्ड उभा होता. तो मान खाली घालून सगळं बोलला. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"तुझी आई आहे ना अजून?" एवढंच तिने विचारलं.

"आहे."

"असू दे."

त्या थंडीत ती वारली.

त्यानंतर सुरुवात झाली...

गेरार्डने बँडच्या घेतलेल्या मुलाखती टेपवर होत्या. पोरांची उत्तरं जशीच्या तशी. गेरार्डचे प्रश्न गायब. तिथे नुसती खरखर.

मग गेरार्डच्या लग्नाचा व्हिडिओ. वधूची शपथ ऐकू येते. वराचे ओठ हलतात...

आवाज नाही.

पुढे त्याच्या आईकडे, म्हणजे माझ्या बायकोच्या आजीकडे, गावी नवा फोन बसवला. गेरार्डने नंबर फिरवला की आजी म्हणायची, "हॅलो? कोण आहे? बोला की." आणि ठेवून द्यायची. पण सगळ्यांना कौतुकाने सांगायची, गेरार्ड दर रविवारी चारला फोन करतो, हल्ली किती प्रेमाने बोलतो.

रविवारी चारला गेरार्डने कधीच फोन केला नव्हता.

१९९४ च्या एका रविवारी आम्ही त्याला घेऊन गेलो. आजीने त्याला मिठी मारली, खसखशीचा केक वाढला. तो काही विचारी, ती हसून मान हलवी. थकली असेल, असं मला वाटलं.

चार वाजले. फोन वाजला...

"बोल रे गेरार्ड," आजी म्हणाली.

गेरार्ड तिच्या समोर बसला होता.

"आई, मी इथे आहे!"

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने रिसीव्हर हिसकावून कानाला लावला. ऐकलं. रिसीव्हर त्याच्या हातातून सुटला. साडेसात वर्षांपूर्वी मिनिटभर ऐकलेला आवाज त्याने लगेच ओळखला.

आजीने लोंबणारा रिसीव्हर उचलला, ऐकलं आणि हसली. "काहीतरीच तुझं."

मग रिसीव्हर टेबलावर ठेवून तिने दोन्ही हातांनी आपले कान झाकून घेतले.

गेरार्ड ओरडला. मी ऐकलं, माझ्या बायकोने ऐकलं, शेजारी धावत आले. आजी कान झाकून खिडकीबाहेर बघत बसली होती, समाधानाने.

ती आणखी सहा वर्षं जगली. डोकं तल्लख, पत्त्यांत मला हरवायची. सगळ्यांचं तिला ऐकू यायचं. एकट्या गेरार्डचं नाही. आम्ही फोन कापून टाकला, तरी रविवारी चारला ती खुर्ची ओढून फोनजवळ बसायची. शेवटच्या दिवशी ती "गेरार्ड, गेरार्ड" करत होती. तो तिचा हात धरून ओ देत होता, पुन्हा पुन्हा. ती मला म्हणाली, "आज फोन नाही केला रे त्याने."

मी माझ्या आईला नाशिकला दर रविवारी फोन करतो. ती उचलते, मी "आई" म्हणतो, आणि क्षणभर ती काहीच बोलत नाही. नेटवर्कमुळे होत असेल...

हल्ली तो क्षण जरा लांबायला लागलाय.