दोनदा हाक

बसा, हामासाकी. बूट काढू नका, इथंच पडवीत बसा. जवाचा चहा गार आहे, तो घ्या. पोरीला न्यायला आलात ते कळलं मला. उद्या तुमच्या कचेरीत निरोपाचा कार्यक्रम, टाळ्या, फोटो, साहेबांचं भाषण. होईल सगळं. पण ती या घरातून निघायच्या आधी मी बोलणार आहे, आणि मी बोलतोय तोवर तुम्ही गुमान ऐकायचं. बायकोला, सुमेला, मी मुद्दाम खाली तिच्या बहिणीकडे धाडलंय. पोर आत स्वयंपाकघरात वांगी चिरतेय. जरा हळू बोलू.

जूनमध्ये कचेरीच्या त्या योजनेतून तुम्हीच तिला इथं आणून सोडलंत. थायलंडची पोर, नाव रुंग. म्हणालात, "तोकुझो-सान, उन्हाळाभर राहू दे. तुमच्या युझू-लिंबांच्या बागेत काम करील, गावची भाषा शिकेल. गावात जरा जान येईल." मी तेव्हाच म्हणालो होतो, आमच्या गावाला जान नको, वरच्या वाडीला जाणारा रस्ता नीट करून द्या. तुम्ही हसलात. तुम्हाला हसायचाच पगार मिळतो.

पण पोर कामाची निघाली, खोटं कशाला बोलू. पहाटे उठायची, युझूच्या काट्यांत हात घालायची, रक्त आलं तरी हूं की चूं नाही. सुमेच्या हातचं जे मिळेल त्यावर स्वतःच्या बाटलीतली लाल मिरची भुरभुरवायची. मिसो सूपवरसुद्धा. सुमे म्हणायची, "अगं, जीभ आहे का पायताण?" एकच गोष्ट तिला जमत नव्हती. झ. युझूला युसू म्हणायची, आणि मला तोकुसो-सान. आता नावाच्या शेपटातलं 'कुसो' म्हणजे आपल्या जपानीत गू, ते तुम्हाला सांगायला नको. शेजारची कामेयो म्हातारी पोट धरून हसली. "तोकुझो, एवढ्या वर्षांनी कुणीतरी तुला खऱ्या नावानं हाक मारली बघ. गू तो गूच." मी चिडलो. पण पोर लाल होऊन रडायला लागली, मग सोडून दिलं.

हाकेचं मात्र सोडलं नाही.

एकदा मी बागेत खाली होतो, ती वर. तिनं हाक मारली, "तोकुसो-सान." एकदाच. मी मान वर केली नाही. थोड्या वेळानं परत एकदाच. मी गवत कापत राहिलो. शेवटी ती उतार उतरून माझ्या पुढ्यात उभी राहिली.

"तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"येतं. तू एकदाच का हाक मारतेस?"

"हामासाकी-सानांनी शिकवलं. एकदा, स्पष्ट. सारखं बोलावणं उद्धटपणाचं असतं."

माझं डोकंच फिरलं. तुम्ही शहरातून आलात, तुम्हाला काय माहीत म्हणा. या डोंगरात माणूस दोनदा हाक मारतो. ज्याला एकदाच मारता येते, तो माणूस नसतो. त्याला ओ द्यायची नाही. माझ्या काकानं दिली होती. आम्ही लाकडं तोडत होतो, वरून कुणीतरी "हेइसुके" म्हणालं, आणि काका बोलून गेला, "आलो." हातातली कुऱ्हाड हळूच खाली ठेवली, जशी झोपलेलं मूल ठेवावं, आणि चढायला लागला. माझा बाप मागून ओरडत होता. काकानं एकदासुद्धा वळून बघितलं नाही. तो गेला तो गेला.

मग मी पोरीला शिकवलं. पार संध्याकाळ होईपर्यंत. ती वर, मी खाली. "दोनदा. परत. दोनदा मार." गळा फाटेस्तोवर ओरडलो. ती तिकडून, मी इकडून, आणि देवदारांतून दोघांचे आवाज फिरून परत यायचे. मला वाटलं, पोर शिकतेय. त्या रानात आणखी कोण कान देऊन बसलंय, याचा विचार मला शिवला नाही.

पितरांच्या दिवसांत सुमेचे गुडघे धरले. वरच्या वाडीत तिच्या आईचं थडगं आहे. घरं सगळी ओस, पण थडग्यावर फुलं तर ठेवायला हवीत. रुंग म्हणाली, "मी जाते." फुलं आणि उदबत्त्या घेऊन दुपारी गेली. मग धुकं उतरलं. गावच्या भोंग्यावर रोजचं संध्याकाळी पाचचं गाणं वाजलं, संपलं, पोर नाही. मी तुम्हाला फोन केला. आठवतंय काय म्हणालात? "येईल हो, फोटो काढत असेल." त्या शब्दासाठी मी आजही तुमची गचांडी धरू शकतो.

मी गमबूट घातले आणि निघालो. धुकं असं, की स्वतःचा हात परक्याचा वाटावा. ओल्या देवदाराचा वास, आणि मधूनच उदबत्तीचा. मी हाका मारत होतो, "रुंग, रुंग." झऱ्यापाशी डाव्या हाताला हाक आली. तिचाच आवाज. एकदाच. मी ओ न देता पुढं गेलो. मग उजवीकडून आली. दोनदा. नावाचा मधला तुकडा धुक्यानं खाल्ला, तरी दोनदा, स्पष्ट. मी त्या बाजूला धावलो. पडक्या घराच्या दगडी बांधाला टेकून ती उभी होती. हात धरला. गार होता, पण धुक्यात कुणाचाही गार पडतो.

हात न सोडता तिला घरी आणलं. दारात आल्यावर म्हणाली, "तोकुझो-सान, पाणी द्या."

सुमेनं टाळ्या वाजवल्या. "आला गं बाई, झ आला." दुसऱ्या दिवशी तुम्ही फोनवर तिचं बोलणं ऐकलंत आणि तुमच्या योजनेची केवढी टिमकी वाजवलीत. त्या दिवसापासून मिरचीची बाटली फळीवर तशीच आहे. सुमे म्हणते, सवय झाली आपल्या जेवणाची. झाली असेल.

झरा डावीकडं होता, हामासाकी, पाणी जोरात वाजत होतं. डावीकडून आलेली हाक एकदाचीच होती का? का दुसरी अर्धवट राहिली? का कुणी तोंड दाबलं?

कारण त्याच रात्रीपासून वरून हाक येतेय. तोकुसो-सान, तोकुसो-सान. दोनदा. गू म्हणणारी ती. सुरुवातीला रडवेली होती, आता घसा बसलाय. मी गेलो वर, परत परत गेलो. जवळ गेलं की आवाज दुसऱ्याच बाजूला. आणि घरी आलो की ही वांगी चिरताना मान खाली घालून म्हणते, "जाऊ नका. तुम्हीच शिकवलंत ना, ओ देऊ नका." चूक नाही ना तिचं बोलणं? माझीच शिकवण माझ्या तोंडावर मारते, आणि मी हात चोळत बसतो.

म्हणून सांगतो, उद्या हिला विमानात बसवायचं नाही. आधी माणसं घेऊन या, दोर आणा, कंदील आणा, माझ्याबरोबर वर चला. त्या पोरीच्या आईबापांकडे तुम्ही कोणाला पाठवताय, हे एकदा...

थांबा. ऐका.

आली. दोनदा. ऐकलंत ना? तोंड उतरलं तुमचं. आता म्हणा फोटो काढत असेल. बसा खाली, काही बोलू नका. तिनं आत सुरी थांबवलीय.

"हामासाकी-सान."

तुम्ही ओ दिलीत?

अहो, मी इतका वेळ काय सांगत होतो... एकदाच मारली ना तिनं... कचेरीतली सवय, नाव घेतलं की "हो, आलो." कप खाली ठेवू नका. असा हळूच ठेवू नका, हातात धरा. इकडं बघा माझ्याकडं.

हामासाकी, हामासाकी.