पाठमोरी राणी

बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकाच कागदावर दोन हात पडले. एक सुनीतीचा, दुसरा दीनानाथ नावाच्या बँकेतल्या कारकुनाचा. कागद होता खेळण्यातल्या रंगमंचाचा, जुना, छापील. राजा, राणी, महाल... सगळं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचं.

"मी आधी हात लावला," तो म्हणाला.

"नुसता हात लावून वस्तू आपली होत नाही."

तो हसला. "घ्या. पण हा उभा कसा राहतो, ते दाखवाल?"

दाखवण्यापुरता एक रविवार ठरला, आणि मग पावसाळाभर रविवार ठरतच गेले. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत सुनीती असे रंगमंच करायची. तिचे बाबा, अनंतराव, चित्रकलेचे मास्तर. पण आता दृष्टी पार गेलेली. ते शेजारी बसून नुसते ऐकत. बाहेर रिपरिप, आत खळीचा आंबूस वास. दीनानाथ पुठ्ठा कापायचा आणि तिच्याकडे बघता बघता बोट कापून घ्यायचा.

"अहो, राजाला रक्त लागतंय."

"लागू द्या. त्याचा अंगरखा विटलाच होता."

भाद्रपदात त्याची नागपूरला बदली झाली. "चलाल... माझ्याबरोबर?" त्यानं खाली बघत विचारलं. रविवारी सांगते, असं ती म्हणाली. या घरात पावलं मोजून चालणाऱ्या बाबांना ती परक्या गावी कशी नेणार, आणि इथं कुणावर सोडणार? आठवडाभर तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

रविवारी बाबा आत पडले होते. दीनानाथनं पट्टीवर चिकटवलेला राजा डावीकडून रंगमंचाच्या खाचेत सरकवला. तिनं उजवीकडून राणी आणली, तर राणीची पाठच राजाकडे. छापील चित्रांची तोंडं सगळी उजवीकडे असतात. उजवीकडून येणारीचं चित्र मागच्या बाजूवर गिरवून रंगवावं लागतं. शंभरदा केलेलं हे काम सुनीती नेमकी विसरली होती.

"राणी रुसलीय?"

"नाही हो... तिला जाणारी माणसं बघवत नाहीत."

त्याच्या हातातली पट्टी थांबली. "म्हणजे... नाही?"

"माझं प्रेम आहे तुमच्यावर," ती म्हणाली. "पण बाबांना सोडून नाही येता यायचं."

त्यानं राजाची पट्टी तशीच खाचेत सोडली. मग छत्री घेऊन निघून गेला.

पंधरा दिवसांनी सुनीतीनं राणीची मागची बाजू रंगवली. पट्टी खाचेत घातली. पलीकडे राजा तसाच उभा होता, त्याला सरकवायला कुणी नव्हतं. बाबा चाचपडत आले, डावीकडे बसले आणि त्यांनी राजाची पट्टी हातात धरली.

"कुठवर नेऊ?"

"अजून थोडा... बस्स."

"भेटली का दोघं?"

"भेटली, बाबा."

तिचे डोळे वाहत होते. बाबांना दिसत नाही, याचं आज पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.